वाकडा दस्ता

रविवार, ११ सप्टेंबर १९९४

हंगाम आज सुरू झाला. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन. फिसेल या वर्षी पाच वर्षांची झाली. कुत्री म्हणून तिच्यात आता उणं काही नाही. चार वेळा तित्तिर दाखवले, चारही वेळा पुतळ्यासारखी थांबली. मी सात बार टाकले. एकही पक्षी पडला नाही.

आठवा बार लिहायला नको होता, पण लिहितो. पक्षी उतारावरून सरळ खाली गेला. माझा शिकारीचा सोबती फायोल डावीकडे तीस पावलांवर, दगडी बांधाच्या कोपऱ्याशी उभा होता. रेषेच्या बराच बाहेर. छर्रे त्याच बांधावर वाजले. त्याच्या टोपीपासून दोन हात.

फायोलने पाइप भरला, पेटवला.

"मोजणीदार, माझ्या डोक्याचं माप हवं होतं तर मागायचंस. दिलं असतं."

चाळीस वर्षं मी या तालुक्यात जमिनी मोजल्या. दोन भावांमधली हद्द माझ्या शब्दावर ठरत असे. माझी रेषा चुकत नाही. म्हणजे बंदूक चुकते आहे.

त्याला तिथेच सांगितलं: सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत, दोष सापडला नाही, तर परवाना परत करीन आणि फिसेल तुला देईन. कुत्रीने घरात बसून म्हातारं होऊ नये.

"ती येईल का माझ्याकडे?"

"तुझ्याकडे रान आहे. येईल."

बोलून गेलो. आता ते माघारी घेता येणार नाही.

सोमवार, १२ सप्टेंबर

नळ्या काढून खिडकीकडे धरल्या. ही पद्धत बाबांनी शिकवली. खिडकीच्या वरच्या भागात आडवी तार बांधायची. तिची सावली नळीच्या आत लांब पसरते. नळी सरळ असेल तर सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसते.

कड मध्यावर वाकते आहे. दोन्ही नळ्यांत, एकाच जागी.

बंदूक बाबांची. सेंत-एतिएनची, सोळा बोरची, १९३१ची. दोन किलो सातशे ग्रॅम. हातात घेतली की उजव्या पंजात जेवढी बसते तेवढीच डाव्यात बसते, कुठेही लोंबत नाही. कोरीवकाम जवळजवळ नाही. चापाच्या कुलपाच्या कडेला एक बारीक वेल, बस. नळीखाली चाचणीघराचे शिक्के अजून टोचतात. नवीन बंदुका मला कधी आवडल्या नाहीत. त्या सगळ्यांसाठी बनवलेल्या असतात.

त्रेसष्ट वर्षांत कधी न वाकलेल्या नळ्या आता कशा वाकल्या? बायकोला, मातिल्दला विचारलं, कोणी पाडली का.

"कोण पाडणार? तू आणि मी, दोघंच तर आहोत."

मग म्हणाली, "डाव्या डोळ्याने बघितलंस का?"

डाव्या डोळ्याने नळी कोणी बघत नाही. मोजणीची दुर्बीणही नाही. डावा मिटायचा असतो. तिला हे समजावलं. ती भांडी घासत राहिली.

गुरुवार, १५ सप्टेंबर

या वहीच्या जागी नवी आणली होती. चौकटी वाकड्या छापलेल्या. परत केली. दुकानातल्या मुलीने वही दिव्याखाली धरली, मग माझ्याकडे पाहिलं, मग मुकाट्याने पैसे दिले. हल्ली मालाकडे कोणाचं लक्ष नाही.

शनिवार, १७ सप्टेंबर

जुन्या चादरीएवढा कागद कुरणात उभा केला, मधोमध काळा ठिपका. तीस मीटरवरून पाच बार, पाच कागद. छर्रे नीट पसरलेले, पण सगळा घोस ठिपक्याच्या डावीकडे. दोन विती. पाचही वेळा.

हा पुरावा. मनाला थोडं बरं वाटलं. दोष सापडला की त्याचं काही करता येतं.

मंगळवार, २० सप्टेंबर

नगरपालिकेला पत्र दिलं: चर्चच्या छपराचा कणा मध्यावर खचला आहे, हिवाळ्यात बर्फ साचण्याआधी पाहणी व्हावी. खाली सही आणि जुना हुद्दा.

रविवार, २५ सप्टेंबर

बंदुकीशिवाय फिसेलला फिरवायला नेलं. फायोल सोबत. तो हल्ली नेहमी माझ्या डावीकडून चालतो. मी दोनदा जागा बदलली, तो दोनदा फिरून परत आला. एका कानाने ऐकू येत नसावं. विचारलं नाही. माणूस अशा गोष्टींबद्दल हळवा असतो.

फिसेल नेचाच्या झुडपात थांबली आणि मागे वळून माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

चर्चवर गवंडी चढला होता. दोरी लावून पाहिली. कणा सरळ आहे म्हणतात. बाजारात फायोल सगळ्यांदेखत म्हणाला, "मोजणीदाराने सेवानिवृत्तीनंतर देवाचंही घर मोजायला घेतलंय." लोक हसले. मीही हसलो.

घरी येऊन बराच वेळ अंगणातून कण्याकडे पाहिलं. खचलेला आहे. गवंडी दोरी सैल धरतात.

कॉफी ओतताना कप चुकला. टेबलक्लॉथ नवीन होतं. मातिल्द म्हणाली, काही नाही, धुऊन निघेल. एरवी एवढं सोडत नाही.

बुधवार, ५ ऑक्टोबर

सेंत-एतिएनला जाऊन आलो. बसने, बंदूक पेटीत. टेकडीवरच्या वस्तीत मोन्सिय शोवे राहतात. वय नव्वद. चौदाव्या वर्षापासून नळ्या सरळ करायचं काम केलं, म्हणजे नळी खिडकीकडे धरायची, बघायची, ऐरणीवर ठेवून एक ठोका द्यायचा, पुन्हा बघायची. त्यांच्या हाताखालून गेलेली नळी पुन्हा तपासली जात नसे. खाली सगळीकडे आता दुकानं आणि मोटारींचे तळ. त्यांची खिडकी आणि तार मात्र आहे.

नळ्या घेतल्या, बघितल्या, पलटल्या, बघितल्या. पाच सेकंद.

"सरळ आहेत."

"मोन्सिय शोवे, नीट बघा. मध्यावर."

"पोरा, मी सत्तर वर्षं हेच बघतो आहे."

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. फार दिवसांनी कोणी पोरा म्हणालं.

मग म्हातारा भरकटला. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. "दोन्ही डोळे उघडे ठेव आणि माझ्या नाकाकडे बोट दाखव." दाखवलं. "हं. पुन्हा." पुन्हा दाखवलं. आपला एक डोळा मिटून तो माझ्या बोटाकडे बघत होता, लहान मुलाचा खेळ चालावा तसा. मग विचारलं, वडील कोणत्या खांद्यावर बंदूक घ्यायचे, तू कोणत्या घेतोस, दुर्बिणीला कोणता डोळा लावायचास.

"उजवा."

"चाळीस वर्षं?"

"चाळीस."

"आणि डावा काय करायचा?"

"काही नाही. मिटलेला असायचा."

"म्हणजे झोपलेला आहे. छान, ताजा असेल."

मला वाईट वाटलं. एवढा मोठा कारागीर. सून आत आली, सूप गरम आहे म्हणाली. निघताना शोवे म्हणाले, "पेरेबाईच्या दुकानात एक बंदूक पडून आहे, सोळाचीच. जाऊन बघ. तिच्या नळ्यांबद्दल मी शब्द देतो. मी फोन करतो तिला."

बसमध्ये डोकं काचेला टेकून बसलो. टेलिफोनच्या तारा लाटांसारख्या चालल्या होत्या. रस्ता खराब आहे.

शनिवार, ८ ऑक्टोबर

मादाम पेरे यांचं दुकान आमच्या तालुक्याच्या गावी, पुलाजवळ. ती बंदूक मला माहीत आहे. अकरा वर्षं मागच्या फळीवर धूळ खात होती. आज पुसून काउंटरवर ठेवलेली. बाईंना ती एकदाची खपवायची असावी.

लाकूड अक्रोडाचं, काळ्या शिरांचं. मधात धूर सोडल्यासारखं. कुलपं बाजूच्या पाट्यांवर, प्रत्येक पाटीवर एकेक लावा पक्षी, गवतात दबलेला, नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. कारागीर उथळ नव्हता. दस्त्यावर चांदीची लंबगोल पट्टी: ए. एम., १९२०.

आणि दस्ता वाकडा. थोडा नव्हे. मनगटाशी उजवीकडे असा वळतो, जसा ओढ्याने खडक टाळावा. म्हणून तर अकरा वर्षं कोणी घेतली नाही. एवढं लाकूड, एवढं काम, आणि सुकताना पिळलं. दस्तेकाराने कच्चं लाकूड वापरलं असणार.

"मला नळ्यांसाठी हवी आहे," मी म्हणालो. "दस्ता तेवढा सरळ करून घेईन. गरम तेलाने."

मादाम पेरे कागद भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सरळ करायचा असेल तर करा. पण आधी मागची शिंगाची पट्टी काढा. गरम तेलाने शिंग तडकतं. दोन स्क्रू आहेत."

"मला माहीत आहे, मादाम."

"माहीत असणारच. तरी सांगितलं."

मंगळवार, ११ ऑक्टोबर

मातिल्दने नवीन बंदूक टेबलावर पाहिली. वाटलं होतं बोलेल. तिने दस्त्याच्या वळणावरून बोट फिरवलं.

"बाईच्या कमरेसारखं आहे."

"चूक आहे ती."

"असेल," म्हणाली.

मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ नोव्हेंबरला खूण केली आणि म्हणाली, त्या दिवशी ल प्वीला जायचंय, तूही ये, मला एकटीला बस नको वाटते. कशाला, तर दाताचं काहीतरी.

रविवार, १६ ऑक्टोबर

नळ्या खिडकीकडे धरल्या. यांतही सावली वाकते. त्याच जागी.

शोवेंचा शब्द होता. फार वेळ खुर्चीत बसून राहिलो. चार नळ्या, चारही वाकड्या, सगळ्या मध्यावर. एखाद्या शेताची चारही बाजूंनी मोजणी चुकली, तर साहाय्यकाला मी काय विचारत असे? साखळी तपासलीस का.

पुढे लिहीत नाही.

बुधवार, १९ ऑक्टोबर

आज बंदुकीला हात लावला नाही. फायोल आला, फूर्म चीजचा तुकडा घेऊन. सण तेरा दिवसांवर आलाय, म्हणाला. चेष्टेने म्हणाला, पण फिसेलचं डोकं खाजवत होता, आणि ती त्याला खाजवू देत होती.

"तिला रात्री आत झोपवावं लागतं," मी सांगितलं. "चुलीजवळ. आणि मसूर देऊ नकोस, पोट बिघडतं."

"तू लिहून दे," तो म्हणाला. "मोजणीदाराच्या अक्षरात. नकाशासकट."

तो गेल्यावर यादी खरंच लिहायला घेतली. तीन ओळी लिहिल्या. चौथी तिसरीवर चढली. कागद फाडला.

शनिवार, २९ ऑक्टोबर

आज दस्ता सरळ करायचा ठरवलं. नळ्या कशाही असोत, निदान एक वाकडी गोष्ट सरळ करता येईल. जवसाचं तेल मंद आचेवर ठेवलं, कापडाच्या पट्ट्या भिजवल्या, बाकाला पकड आवळली. मातिल्द स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, हात एप्रनमध्ये.

शिंगाची पट्टी काढली. स्क्रू सहज निघाले, जसे काही अलीकडेच कोणी फिरवले असावेत.

पट्टीखाली दस्तेकार आपलं नाव किंवा गिऱ्हाइकाची मापं पेन्सिलीने टाकून ठेवतात. मालकाला ती कधी दिसत नाहीत. इथेही होतं. मला अक्षरं लागेनात. लाकूड जवळ नेलं, लांब नेलं. मधली अक्षरं वितळत होती, कडेची राहत होती. मातिल्द पुढे आली नाही. म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याने बघ ना."

कंटाळून उजवा मिटला.

अक्षरं जागेवर आली. बारीक, टोकदार, चौऱ्याहत्तर वर्षं अंधारात राहिलेली:

ए. मॅलिएसाठी. उजवा खांदा, डावा डोळा. फेब्रुवारी १९२०.

मी तेलाखालची आच बंद केली.

१९२० साली कोणा माणसाला उजवा डोळा नसण्याचं कारण कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या चौकातल्या दगडावर महायुद्धात पडलेल्यांची एकशे अकरा नावं आहेत. जे परतले त्यांची नावं कुठेच नाहीत. हा परतला होता. शिकारीला जायचंच, असं त्याने ठरवलं. उजव्या खांद्याची सवय मोडली नाही. आणि कोणीतरी त्याच्यासाठी अक्रोडाच्या अख्ख्या ठोकळ्यातून हे वळण कोरून काढलं, नळ्या चेहऱ्यासमोरून डावीकडे नेल्या, दुसऱ्या डोळ्याखाली आणून ठेवल्या. कच्चं लाकूड नाही. पिळलेलं नाही. मी अकरा वर्षं या कामाला चूक म्हणत आलो.

पट्टी न लावताच बंदूक खांद्याला घेतली. गाल लाकडावर टेकला, जणू तिथे आधीच जागा केलेली होती. दोन्ही डोळे उघडे. नळ्यांमधली नेम धरायची पट्टी समोर सरळ गेली. खिडकीतून बाहेर, कुंपणावरून, चर्चच्या छपरापर्यंत.

छपराचा कणा सरळ आहे.

मातिल्दला म्हणालो, "माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी आहे."

तिने एप्रनने तोंड पुसलं.

"हो का," म्हणाली. "मग दाखवायला हवं."

सोमवार, ३१ ऑक्टोबर

कागद, काळा ठिपका, तीस मीटर. पहिला बार मधोमध. दुसरा मधोमध. तिसरा टाकला नाही. या जुन्या बंदुकीला लागणारी आखूड काडतुसं हल्ली दुर्मीळ झाली आहेत.

मंगळवार, १ नोव्हेंबर

सकाळी कबरस्तानात शेवंतीच्या कुंड्या नेल्या, आई-बाबांना एकेक. बाबांना मनात सांगितलं, तुमच्या बंदुकीला मी दीड महिना दूषण दिलं.

दुपारी फायोल आला. हातात नवा चामडी पट्टा.

"सण आला," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

मी कागद टेबलावर पसरला. त्याने ठिपक्याभोवतीची भोकं बोटाने मोजली, ओठ हलवत. मग दुसरा कागद. मग वाकडा दस्ता हातात घेतला, खांद्याला लावला, आणि त्याच्या चेहऱ्यासमोर नळ्या भलतीकडेच गेल्या.

"हे कोणत्या गाढवाने बनवलं?"

"माझ्यासाठी बनवलंय."

त्याला डोळ्याचं सांगितलं. तो आश्चर्यचकित झाला नाही. मला वाटतं त्याला नीट समजलं नसावं.

"आणि हा पट्टा?" तो म्हणाला. "दुकानदार परत घेणार नाही. आता कोणाला बांधू, तुला?"

मातिल्दने वर्बेना मद्याची बाटली काढली. फिसेल टेबलाखाली पट्टा चावत बसली, आम्ही चावू दिला.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

ल प्वी. मातिल्द म्हणाली दाताचं राहू दे, आलोच आहोत तर डोळ्याचं बघू. लगेच वेळ मिळाली. या डॉक्टरकडे चार महिने थांबावं लागतं असं बसमधली बाई सांगत होती. नशीब.

उजव्या डोळ्याच्या मध्यावर डाग आहे. जाणार नाही. कडा राहतील. डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद समोर धरला. उजव्या डोळ्याने माझी परत केलेली वही दिसली, डाव्याने चांगली. त्या मुलीची माफी मागायला हवी.

"डावा तरुणाचा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो वापरलाच नाहीत की काय?"

"नाही, मादाम. चाळीस वर्षं."

बंदुकीचं विचारलं. त्या स्वतः बदकांच्या शिकारीला जातात. म्हणाल्या, दोन्ही डोळे उघडे ठेवा, संध्याकाळ पडायच्या आत घरी या, आणि सोबत्याला तुमच्या डावीकडे चालू द्या. तिकडे तो तुम्हाला नीट दिसेल.

"तो तिकडेच चालतो."

"शहाणा माणूस," त्या म्हणाल्या.

जिन्यात मातिल्दने माझा दंड धरला. उजव्या बाजूने. पायऱ्या तिने मोजल्या, मी मोजू दिल्या. डाव्यालाही असाच डाग येईल का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. येईल किंवा येणार नाही, असं उत्तर मिळालं. एकदा नाही, दोनदा विचारलं होतं, हेही नोंदवतो.

रविवार, २० नोव्हेंबर

दोन रात्री कडाक्याची थंडी. वुडकॉक पक्षी उतरले आहेत. बर्चच्या झाडांपलीकडे, जिथे गुरांनी माती उकरली आहे तिथे फिसेलच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मग थांबली.

घंटी थांबल्यावर जी शांतता होते ती मला कधी शब्दांत पकडता आली नाही. आजही येणार नाही.

"डावीकडे आहे मी," फायोल हळूच म्हणाला. "बांधामागे. टोपीसकट."

पक्षी सुकल्या पानांतून उठला, पानांच्याच रंगाचा, दोन खोडांमधून वळला. मी काही ठरवलं नाही. बंदूक आली, गाल टेकला, रेषा सरळ गेली. एक बार.

फिसेलने तो आणला आणि माझ्या डाव्या हातात दिला. एरवी उजव्यात देते.

वुडकॉकच्या पंखाच्या टोकाला एकेक छोटं ताठ पीस असतं. पूर्वी चित्रकार त्याने बारीक रेघा काढत. दोन्ही पिसं काढली. एक माझ्या टोपीत. दुसरं फायोलच्या टोपीत खोवलं, बांधावर छर्रे वाजले होते त्या बाजूला. तो म्हणाला, यापेक्षा स्वस्तात सुटला नसतास.

संध्याकाळी शिंगाची पट्टी पुन्हा काढली. पेन्सिलीला टोक केलं. जुन्या ओळीखाली चांगली बोटभर जागा आहे. लिहिलं:

आंतेल्म ब्रुयास. उजवा खांदा, डावा डोळा. नोव्हेंबर १९९४.

त्याखाली अजून एका ओळीपुरती जागा राहिली.

मातिल्दला लाकूड दाखवलं. "ओळ सरळ आली का?"

तिने चष्मा लावला, दिव्याखाली धरलं, आणि वेळ घेतला.

"नाही," ती म्हणाली. "पण वाचता येते."

मग स्क्रू आवळले.